काढता-घालता येणारा स्कोप माउंट: एअर रायफलवर बसवायचा तो असा

रेंजवर दर आठवड्याला एकच तक्रार कानावर येते. "स्कोप काढला, परत लावला, आणि झिरो गेला." स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण, माउंट म्हणजे ती रायफलला धरून ठेवणारी पकड, आणि झिरो म्हणजे स्कोपमधली क्रॉसहेअर (नेमाची फुली) जिथे असेल तिथेच गोळी लागेल अशी जुळणी. मग माउंट बदलून होतो, स्कोप बदलून होतो, दोन-तीन डबे पेलेट (छरे) संपतात, तरी झिरो काही टिकत नाही. असे माउंट मी बरेच उघडून पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांत काही दोष नव्हता, बसवतानाचा क्रम चुकलेला होता.

क्यूडी माउंटकडून, म्हणजे खटक्याने काढता-घालता येणाऱ्या माउंटकडून, आपल्याला एकच गोष्ट हवी असते: काढून परत लावला की तो तंतोतंत त्याच खाचेत, त्याच बाजूला रेटून, तेवढ्याच दाबाने बसावा. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे. मधली एखादी गाळलीत तर ते शेवटच्या पडताळणीत कागदावर दिसेलच.

हे सगळं ४.५ मिमीच्या, म्हणजे .१७७ एअर रायफलबद्दल लिहितो आहे. आपल्याकडे बऱ्याच मुलांची रायफल एकच असते. स्पर्धेत ती ओपन साइटवर (उघड्या खाचेच्या नेमावर) किंवा पीप साइटवर (बारीक भोकातून पाहायच्या नेमावर) चालवायची आणि सरावात पेलेट पारखायला किंवा लांबच्या टार्गेटला तिच्यावरच स्कोप चढवायचा. क्यूडी माउंट लागतो तो यासाठी. परवान्याच्या .२२ रायफलला पायऱ्या याच आहेत. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी हे जमवा

व्हर्नियर कॅलिपर, मापाच्या ॲलन की, छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरवलेल्या जोराइतकाच, म्हणजे टॉर्कइतकाच, आवळणारा), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश, धागा न सोडणारं सुती फडकं, ओळंब्यासाठी दोरी आणि वजन, मास्किंग टेप, बारीक टोकाचा मार्कर आणि एक वही. टॉर्क स्क्रूड्रायव्हर स्वतःचा नसेल तर क्लबात कुणाकडे तरी असतो, तासभर मागून घ्या. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी चेपलेल्या स्कोपच्या नळ्या मी पाहिल्या आहेत, आणि चेपलेली नळी पूर्ववत होत नाही.

वही विसरू नका. कोणती खाच, किती टॉर्क, नट किती फिरवला, हे सगळं लिहून ठेवायचं आहे.

१. रायफल रिकामी करा आणि दस्त्याचे स्क्रू पाहा

चेंबरमध्ये पेलेट नाही, मॅगझिन बाहेर आहे, स्प्रिंग ताणलेली नाही, हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची, रायफल अर्धवट उघडी ठेवून काम करू नका. नळी झटकन मिटली तर बोट सापडतं.

मग दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलीत ते हमखास ढिले होतात. दस्ताच हलत असेल तर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, फाकतो, आणि दोन महिने दोष माउंटला दिला जातो. माउंटला हात लावण्याआधी ते आवळून घ्या.

२. रेल (माउंट बसतो ती रायफलच्या माथ्यावरची पट्टी) कोणता आहे ते मोजून ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. दुकानात "सगळ्याला बसतो" असं सांगून माउंट दिला जातो आणि तो वरवर बसतोही.

एअर रायफलच्या माथ्यावर दोनपैकी एक काहीतरी असतं. एक म्हणजे डव्हटेल: दोन्ही कडांना तिरक्या कापलेल्या लांब खोबणी. एअर रायफलला ती साधारण ११ मिमी रुंद असते, तर बऱ्याच .२२ रायफलींना ९.५ मिमी. खोबणीचा कोनही सगळीकडे सारखा नसतो. दुसरा प्रकार आडव्या खाचा असलेला रुंद रेल, म्हणजे पिकाटिनी किंवा वीव्हर. दोन्ही दिसायला सारखे, पण पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद असते आणि खाचांमधलं अंतर ठरलेलं १०.०१ मिमी. वीव्हरची खाच ४.५७ मिमी आणि अंतराला नियम नाही. म्हणून वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, पण पिकाटिनीच्या माउंटचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत उतरत नाही. जोर लावून तो खाचेच्या कडांवर चढवलेला मी पाहिला आहे. खटका मिटतो, माउंट घट्ट वाटतो, पण तो दोन कडांवर तरंगत असतो.

व्हर्नियरने खाच तीन ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. स्वस्त रेलवर तिन्ही आकडे वेगवेगळे आले तर तो रेल क्यूडी माउंटच्या कामाचा नाही.

सावधान: जोरकस स्प्रिंग रायफल आणि गुळगुळीत डव्हटेल अशी जोडी असेल, आणि माउंटची स्टॉप पिन (माउंट सरकू नये म्हणून असलेली खुंटी) अडकवायला रायफलवर भोक किंवा अडसर नसेल, तर क्यूडीच्या वाटेला जाऊ नका. तिथे चार स्क्रूंचा पक्का माउंटच लावा. खटक्याचा दाब त्या धक्क्याला पुरत नाही.

३. स्कोप या रायफलचा आहे का?

स्प्रिंग रायफल दोनदा हलते. पिस्टन सुटतो तेव्हा ती मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की पुढे झटका खाते. मोठ्या बंदुकीचा मागचा धक्का सहज पचवणारा स्कोपही या उलट्या झटक्याने आतून खिळखिळा होऊ शकतो. स्प्रिंग रायफलला "एअर रायफलसाठी" असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्या. पीसीपीला, म्हणजे भरलेल्या हवेच्या रायफलीला, ही अडचण जवळपास नाही.

दुसरं पॅरालॅक्स, म्हणजे डोळा सरकला की नेम सरकल्यासारखा दिसणं. मोठ्या रायफलींचे बरेच स्कोप १०० यार्डांवर पक्के केलेले असतात. १० मीटरवर त्यांतून टार्गेट धूसर दिसतं आणि डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही टार्गेटवर सरकते. जवळच्या अंतराला पॅरालॅक्स जुळवता येणारा स्कोप हवा.

४. कोरडी मांडणी: अजून काही आवळायचं नाही

माउंट रेलवर नुसता ठेवा, स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांत ठेवा आणि पाहा:

- स्कोपचं पुढचं तोंड नळीला किंवा रेलला टेकत नाही ना? किमान ३ मिमी फट हवी. झाकण लावणार असाल तर झाकणासकट मोजा.
- पीसीपीचं मॅगझिन रेलच्या वर डोकावतं का? एकसंध माउंट त्याच्या आड येतो, आणि हे स्कोप आवळून झाल्यावर कळलं तर काम पहिल्यापासून करावं लागतं.
- पेलेट भरायला बोटं शिरतात का? थंडीत, हातमोजा घातल्यावरही?
- खटका उघडताना बोल्टच्या दांड्याला लागत नाही ना?
- ओपन साइट काढणार नसाल तर ती स्कोपला अडत नाही ना?

रिंगेचा व्यास स्कोपच्या नळीशी जुळायला हवा. २५.४ मिमीच्या नळीला ३० मिमीची रिंग टेप गुंडाळून लावलेली पाहिली की वाईट वाटतं. योग्य मापाच्या रिंगा स्कोपच्या मानाने किती स्वस्त असतात.

५. रेल आणि माउंटची बैठक साफ करा

नव्या माउंटवर तेलाचा थर असतो आणि बहुतेक जण तो तसाच चढवतात. ब्रशवर अल्कोहोल घेऊन रेलच्या खाचा, माउंटच्या तळाच्या कडा आणि रिंगांचा आतला भाग घासा आणि कोरडा करा. मग रेलच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे धातूचा बारीक काटा उभा आहे. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची रायफल दर वेळी वेगळा झिरो देत होती. भिंगातून पाहिलं तर रेलच्या पहिल्याच खाचेच्या कडेला तिळाहून बारीक कीस चिकटलेला होता. माउंट कधी त्याच्यावर चढायचा, कधी शेजारी बसायचा. दात कोरायच्या काडीने तो निघाला आणि तक्रार मिटली.

कोकणपट्टीत पावसाळ्यात रेलवर गंजाचे ठिपके येतात. ते काढून पुसटसं तेल लावा, पण माउंट चढवण्याआधी रेल परत कोरडा पुसा. तेलकट बैठकीवर दाब तोच असला तरी पकड तीच राहत नाही.

६. माउंट चढवा, रेटा, मग खटका मिटवा

आता स्कोप बाजूला ठेवा. नुसता माउंट रेलवर घ्या, खाच निवडा आणि वहीत लिहा: "पुढून चौथी". रेलवर मास्किंग टेपचा तुकडा लावून तिथेही खूण करा.

रेटायची दिशा. खाच दांड्यापेक्षा केसभर रुंद असतेच. त्या फटीत माउंट पुढे-मागे सरकतो, म्हणून दर वेळी एकाच बाजूला रेटून खटका मिटवायचा. स्प्रिंग रायफलीचा शेवटचा झटका पुढे असतो, त्यामुळे स्कोप मागे राहू पाहतो आणि माउंट डोळ्याच्या दिशेने सरकतो. तिथे माउंट मागे रेटून खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवा. स्टॉप पिन असेल तर तीही मागच्या अंगाला अडलेली हवी. .२२ किंवा इतर काडतुसाच्या रायफलीत उलट होतं. रायफल मागे येते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे माउंट पुढे सरकतो. तिथे पुढे रेटा. पीसीपीला धक्का नगण्य असल्याने कोणतीही एक दिशा चालेल, मात्र ती कायम तीच हवी.

खटक्याचा ताण. बहुतेक माउंटना खटक्याच्या विरुद्ध बाजूला एक नट असतो. तो थोडा ढिला ठेवून सुरुवात करा आणि पाव-पाव फेरा आवळत जा. खटका निम्म्या वाटेवर आला की अंगठ्याला विरोध जाणवायला लागला पाहिजे, आणि तिथून पुढे तो ठाम जोराने पण फक्त अंगठ्याने मिटला पाहिजे. पक्कड लागत असेल तर ताण फार झाला. शेवटपर्यंत अलगद मिटत असेल तर फार कमी. नट जुळला की त्यावर आणि माउंटवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. माउंटला नट अडवणारा स्क्रू किंवा पत्रा असेल तर तो आता बसवा.

खटका नसून हाताने फिरवायचा मोठा नट असेल तर दाब दर वेळी सारखा येण्यासाठी टॉर्क स्क्रूड्रायव्हरच वापरा. किती आवळायचा तो आकडा माउंटच्या पत्रकात असतो.

तपासा: वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी माउंटचा तळ आणि रेल यांच्यात चारही कोपऱ्यांना सरकवून पाहा. एका कोपऱ्यात ती शिरली आणि बाकीच्या तीन ठिकाणी शिरली नाही, तर माउंट तिरका बसला आहे. पाचव्या पायरीवर परत जा.

७. डोळ्याचं अंतर

स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांत ठेवा, वरचे अर्धे लावा आणि स्कोप हाताने सरकेल इतपतच स्क्रू लावा. झूम सगळ्यात जास्तीवर न्या, कारण डोळ्याच्या अंतराला तिथे सूट सगळ्यात कमी असते. आता डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. गोल चित्र पूर्ण, कडेला काळी सावली नसलेलं दिसलं पाहिजे. सावली दिसली तर मान हलवू नका, स्कोप सरकवा. बऱ्याच स्कोपना हे अंतर ७५ ते ९० मिमी असतं.

बसून, उभं राहून आणि पालथं पडून, तिन्ही प्रकारे पाहा. पालथं पडल्यावर डोळा आपोआप पुढे सरकतो.

८. सरळ धरा: ओळंबा

भिंतीवर दहा-बारा मीटरवर ओळंबा लटकवा. गवंड्याचा असेल तर उत्तम, नाहीतर दोरीला बांधलेलं मोठं नट चालेल. रायफल टेकूवर ठेवा, रेलवर आडवी छोटी पाणसळ ठेवून रायफल समतल करा आणि ती हलणार नाही अशी अडकवा. आता स्कोपमधून पाहत स्कोप फिरवा, क्रॉसहेअरची उभी रेघ दोरीवर येईपर्यंत.

स्कोपच्या टोपणावर पाणसळ ठेवून काम भागवायचा मोह होतो. पण टोपण आणि आतली क्रॉसहेअर एकमेकांशी काटकोनात असतीलच असं नाही. दोरी कधी खोटं बोलत नाही.

९. रिंगा आवळा

स्क्रू तिरप्या क्रमाने घ्या: पुढच्या रिंगेचा डावा-पुढचा, मग उजवा-मागचा, मग उरलेले दोन. दर वेळी अर्धा फेरा. मागच्या रिंगेलाही तसंच. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूने आधी आवळलं तर स्कोप त्या बाजूला वळतो आणि आठव्या पायरीची सगळी मेहनत जाते. म्हणून निम्मं आवळून झालं की परत ओळंब्याकडे पाहा.

शेवटचा टॉर्क पत्रकात असेल तो. पत्रक हरवलं असेल तर रिंगेच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर बहुतेक ठिकाणी पुरतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळालाच नाही तर एल आकाराच्या कीचं लांब टोक स्क्रूमध्ये घाला आणि आखूड टोक दोन बोटांनी फिरवा, म्हणजे हातून फार जोर लागत नाही.

सावधान: रिंगेच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, लावू नका. ओला असताना तो वंगणासारखा काम करतो. आकडा तोच दिसतो, पण दाब कितीतरी जास्त पडतो. खरं तर टॉर्क नीट असेल तर इथे त्याची गरजच नसते. रायफलला पक्का केलेल्या रेलच्या स्क्रूंना निळा चालतो. लाल मात्र कुठेच नको, तो काढताना स्क्रूचं डोकं जातं.

शेवटी स्कोपच्या नळीवर, रिंगेला लागून, मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा. स्कोप रिंगेत सरकायला लागला तर टेप आणि रिंग यांत फट पडेल.

१०. झिरो

डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि पेलेट पकडणारी पेटी हवीच. कठीण पृष्ठभागावरून .१७७चा पेलेट सरळ उलटून येतो.

पहिल्या गोळ्या ५ मीटरवरून मारा, फक्त कागदावर लागावं म्हणून. इथे पेलेट क्रॉसहेअरच्या काही सेंटिमीटर खाली लागणं साहजिक आहे, कारण स्कोप नळीच्या वर आहे. डावं-उजवं तेवढं ढोबळ जुळवा. मग २० मीटरवर या. आधी दहा गोळ्या मारून सगळं जागेवर बसू द्या, मग पाचाचा ग्रुप मारा आणि त्याचा मध्य काढा.

क्लिक म्हणजे स्कोपची नेम जुळवायची चकती एक टप्पा फिरवणं, आणि इथे मिनिट हे कोनाचं माप आहे, अंशाचा साठावा भाग. पाव मिनिटाचा एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७.३ मिमी सरकवतो, म्हणजे २० मीटरवर १.४५ मिमी आणि १० मीटरवर ०.७३ मिमी. २० मीटरवर ग्रुप ३ सेमी डावीकडे आणि २ सेमी खाली पडला असेल तर २१ क्लिक उजवीकडे आणि १४ वर. एकेका गोळीमागे क्लिक फिरवत बसू नका.

क्लिक संपत आले आणि ग्रुप अजून खालीच असेल, तर ब्रेक-बॅरलची नळी किंचित खाली झुकलेली असू शकते. अशा वेळी झुकाव भरून काढणारा माउंट मिळतो, तो घ्या. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा माउंट आणि रेलच्या मध्ये कधीही घालू नका. खटक्याची बैठकच गेली तर बाकी सगळं व्यर्थ.

११. काढा, लावा, आणि तुलना करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि जे करतात त्यांतले बरेच जण अर्धीच करतात.

दोन कागद घ्या. पहिल्यावर माउंटला हात न लावता पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप एकाच बिंदूवर मारा. दर पाच गोळ्यांनी रायफल खाली ठेवा, उभे राहा, परत मांडी घाला. दुसऱ्या कागदावर तेच, पण दर पाच गोळ्यांनी माउंट काढून परत लावा: पुसा, त्याच खाचेत ठेवा, त्याच बाजूला रेटा, खटका मिटवा. स्प्रिंग रायफल टणक टेकूवर न ठेवता तळहातावर सैल धरा, नाहीतर टेकूचाच दोष कागदावर उतरेल.

आता दोन्ही कागदांवरच्या वीस-वीस गोळ्यांचा पसारा मोजा. पहिल्यावर २० मिमी आणि दुसऱ्यावर २३ मिमी आला तर माउंट उत्तम परत बसतो आहे. दुसऱ्यावर ३५ मिमी आला तर काहीतरी चुकतंय. पहिला कागद मारला नसेल तर हा निवाडा करताच येत नाही. आपल्या स्वतःच्या पकडीचा पसारा किती आणि माउंटचा किती, हे वेगळं कसं काढणार?

चुकत असेल तर या क्रमाने शोधा: दस्त्याचे स्क्रू, नळीवरच्या टेपपाशी फट, नटावरची तुटलेली रेघ, रेलमधला कीस, रेटायची दिशा. ग्रुप नुसता वर-खाली सरकत असेल तर रेटण्यात ढिलाई झाली असेल, किंवा बैठकीखाली कचरा असेल. डावी-उजवीकडे सरकत असेल तर खटक्याच्या बाजूची पकड पाहा. या पाचांत काहीच सापडलं नाही, तर मगच स्कोपवर संशय घ्या: त्याच रायफलवर दुसरा, खात्रीचा स्कोप लावून तोच कागद पुन्हा मारा.

काढलेला स्कोप कुठे ठेवायचा

माउंट रिंगांसकट स्कोपवरच राहू द्या. खटका मिटलेल्या स्थितीत ठेवा, म्हणजे पिशवीत तो कशात अडकून वाकणार नाही. माउंटचा तळ खाली करून टेबलावर आपटू नका, तिथल्या एका टवक्यानेही बैठक बिघडते. मी जुन्या सुती मोज्यात माउंट गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, झाकणाच्या डब्यात ठेवतो. पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्या. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: कोणती रायफल, पुढून कितवी खाच, कोणत्या बाजूला रेटायचं, कोणत्या पेलेटवर आणि किती मीटरवर झिरो केला.